टोळी दहाची की चाळीसाची?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा सोडून द्राक्षाच्या कात्रीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या गटांतून फिरताना दिसते ते असे, की एकाच उताऱ्यावर अर्धा ऊस आणि अर्धी बाग. आणि ज्याची जमीन दीड-दोन एकर, त्याच्या घरातला एखादा मुलगा दुसऱ्याच्या बागा छाटून संसार चालवतो. असाच एक तरुण सभासद मध्यंतरी गट ऑफिसात ऊसनोंदीला आला. नोंद झाली तरी उठेना. मग म्हणाला, "साहेब, एक इचारायचं होतं. उसाचं नाही."

हकीगत अशी. सात वर्षांपासून तो दहा माणसांची टोळी घेऊन छाटणी उक्ती घेतो. माणसे पेठ-सुरगाण्याकडची, दरसाल तीच. आता एका व्यापाऱ्याने निरोप धाडला आहे, की दीडशे एकर बागांची छाटणी, पेस्ट, विरळणी सगळे तूच अंगावर घे. म्हणजे चाळीस माणसे, त्यांना उचल, त्यांना आणायला-न्यायला पिकअप. वडील म्हणतात, संधी दारात आली आहे. बायको म्हणते, आहे तेच नीट करा. आणि हा मधे.

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. कारण हा धंदा माणसे मोजून होणारा नव्हे.

ओझरला १९२५ च्या सुमारास द्राक्ष लागले तेव्हापासून या जिल्ह्यात बाग तगली ती खतापाण्याइतकीच कात्रीवर. जरा हिशेब करा. नऊ बाय पाच फुटांवर लागण असली तर एकरी ९६८ झाडे बसतात. झाडाला तीसच काड्या धरा. एकोणतीस हजार काप झाले, एका एकरात! एप्रिलची खरड छाटणी त्या मानाने सोपी. ओलांड्याजवळ डोळा राखून काडी खरडायची. खरी परीक्षा ऑक्टोबरची. घड धरतो तो एप्रिलच्या छाटणीनंतरच्या काही आठवड्यांत, काडीच्या डोळ्यात, आत. वरून दिसत नाही. त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली, पाणी जास्त झाले, की गणित बिघडते. म्हणून काड्या आधी तपासून घ्यायच्या, घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहायचे आणि मग कात्री लावायची. सरळ काडीला एक न्याय, सबकेनला दुसरा. एक डोळा खाली कापला, तर घड काडीसकट जमिनीवर. तो परत जोडता येत नाही.

दहाच्या टोळीत हा स्वतः अकरावा असतो. कात्री हातात, नजर चारी ओळींवर. चाळीस माणसे चार बागांत वाटली, की तो मोटारसायकलवर.

बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी त्याने दुसरी टोळी उभी केलीच होती. तिच्या म्होरक्याने एका बागेत काडी परीक्षणाची वाट न बघता शेजारच्या बागेच्या मापाने छाटले. पुढे मांडवाखाली पालाच पाला, घड मोजून. बागवाला गावचाच, आपलाच सभासद. भांडण वाढू नये म्हणून याने मजुरी परत केली. दुसऱ्या टोळीला दिलेली उचल मात्र परत आली नाही. "त्या आण्णांच्या दारावरून जायची लाज वाटती अजून," म्हणाला.

मंडळी, उचल हा शब्द आपल्याला नवा नाही. तोडणीच्या करारात मुकादमाने उचल घ्यावी, टोळी ऐनवेळी दुसरीकडे जावी, आणि ट्रॅक्टरवाल्याने कर्जाचा हप्ता घरातून भरावा, हे आपण किती हंगाम पाहिले! पिकअपचा हप्ता बारा महिने येतो. छाटणी बारा महिने येत नाही.

दुसरी गोष्ट रोगाची. उसातला खोडवा खुजा राहण्याचा रोग कोयत्याच्या पात्यावरून एका बेटातून दुसऱ्यात जातो, हे आम्ही बेणेमळ्यात घसा बसेपर्यंत सांगतो. डाळिंबातल्या तेल्याचे तसेच. सटाणा-मालेगावकडच्या बागायतदारांनी त्याचा दाह सोसला आहे. कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून मगच पुढच्या झाडाला लावायची. दहा कात्र्या बुडतात की नाही हे दिसते. चाळीस दिसत नाहीत. पेस्टचेही तेच. हायड्रोजन सायनामाइड हे विषारी औषध आहे. हातमोजे हवेतच, आणि पेस्ट लावणाऱ्याने त्या काळात दारूला शिवू नये, अंगावर बेतते. हे चाळीस जणांना रोज संध्याकाळी कोण सांगणार?

मग लहानच राहावे काय? तसे मी म्हणत नाही. लहानपणातही धोका आहे. ऐन ऑक्टोबरात हा आठ दिवस तापाने पडला तर दहाही माणसे बसून राहतात. वर्षभर काम देता आले नाही तर चांगला छाटणारा दुसरीकडे जातो. वाढणे वाईट नाही. पण काय वाढले ते बघावे. कारखान्याची गाळपक्षमता वाढवली आणि शिवारात ऊस नसला तर काय होते, ते या जिल्ह्यात थंड पडलेल्या धुराड्यांनी आपल्याला दाखवले आहे. उलट दिंडोरीजवळ मोहाडीला २०१० साली सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनी निघाली. तिथे मोठी झाली ती संस्था. बाग ज्याची त्याच्याच हाती राहिली. प्रवरेला १९५० च्या गाळपापासून आपल्या सहकाराने तरी वेगळे काय केले?

दुसऱ्या खेपेला आला तेव्हा मी त्याला माझे मत दिले. दीडशे एकर घेऊ नको. तीस-चाळीस एकर घे, आणि जुन्या बागा एकही सोडू नको. दुसरी टोळी करायची तर तिचा म्होरक्या आधी तुझ्या टोळीत दोन हंगाम काडी वाचायला शिकू दे. पैसे त्याला जास्त दे. माणसे वाढवण्याआधी दिवस वाढव. बागलाणात आगाप छाटण्या पावसाळ्यातच सुरू होतात. तिकडे गेलास तर तुझ्या दहा जणांना दोन महिने जास्त काम मिळेल. आणि गावोगाव तुझ्यासारखे तीन-चार जण आहेत. त्यांच्याशी बस. मजूर सहकारी संस्था करता येते. प्रत्येकाची टोळी प्रत्येकाजवळ, पिकअप आणि व्यापाऱ्याशी बोलणी मात्र एकत्र. बागवाल्याला एकाच्या तापापायी थांबावे लागणार नाही.

"व्यापारी चाळीस एकराला हो म्हणंल का, साहेब?"

"नाही म्हणाला तर?"

तो हसला. "तर जुन्या बागा हायेतच की." व्यापाऱ्याला अजून त्याने कळवलेले नाही. मात्र त्या आण्णांच्या बागेची या हंगामाची छाटणी स्वतःच्या हाताने, मजुरी न घेता करून देणार आहे म्हणाला. मी त्यात काही बोललो नाही.

ज्या सभासदांच्या घरातील मुले छाटणीच्या कामात आहेत त्यांनी आपली नावे गट ऑफिसात स्लिपबॉयकडे द्यावीत. दहा-बारा नावे झाली तर ऑक्टोबर छाटणीपूर्वी काडी परीक्षणाचे एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवण्याचा विचार आहे. येताना आपापली कात्री आणि आपल्या बागेतील चार-पाच काड्या, बागेचे नाव लिहून, बरोबर आणाव्यात.