मधला काळा ठिपका

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ‘न्यूटन्स रिंग्ज’ आली की एक शंका हमखास निघते. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा व्हर्नियर ०.०१ मिलिमीटरच्या खाली वाचत नाही. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या सतराव्या हिश्शाएवढी. मग ती या यंत्राने मोजणार कशी?

ती थेट मोजायचीच नसते. सपाट काचेवर भिंग उपडं ठेवलं की मधली हवेची फट कडेकडे हळूहळू वाढत जाते. ती अर्ध्या तरंगलांबीने वाढली की पुढचं काळं कडं दिसतं. भिंगाची वक्रतात्रिज्या १०० सेंटिमीटर असेल, तर १०व्या काळ्या कड्याचा व्यास ४.८५ मिलिमीटर भरतो आणि २०व्याचा ६.८६. दोन्हींचे वर्ग करून वजाबाकी करा, तिला ४ × १० × १००० ने भागा: ५८८ नॅनोमीटर. पुस्तकात ५८९.३ दिलेलं असतं, तीही दोन जवळजवळच्या रेषांची सरासरी. स्क्रू मात्र एकाच दिशेने फिरवायचा. मधेच मागे घेतला की त्याची ढिलाई मापात शिरते.

मधला ठिपका काळा का, तर ‘काचा टेकल्या, प्रकाश अडला’ असं तोंडी परीक्षेत सर्रास ऐकू येतं. प्रकाश अडत नाही. खालच्या काचेवरून परतणारी लहर उलटी होते, वरची होत नाही, म्हणून दोघी एकमेकींना मारतात. हीच जागा खालून, आरपार आलेल्या प्रकाशात पाहिली तर उजळ दिसते. प्रकाश नाहीसा झाला नाही, पलीकडे गेला.

धुळीचा कण अडकून मधला ठिपका उजळ आला, की मुलं घाबरून प्रयोग मोडतात. काचा पुसाव्यात हे खरं, पण उत्तर त्यामुळे बिघडत नाही. कणाने वाढवलेली फट दोन्ही कड्यांना सारखीच लागू होते आणि वर्गांच्या वजाबाकीत उडून जाते. आपण एक व्यास न घेता दोन घेतो, ते याचसाठी.

आणि नाव न्यूटनचं म्हणून प्रकाश लहर आहे हे त्याने दाखवलं, असंही नाही. त्याने कडी फार काटेकोर मोजली, १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये छापली, पण प्रकाश कणांचाच मानला. टॉमस यंगने १८०१मध्ये रंगांच्या तरंगलांब्या काढल्या, त्या न्यूटनच्याच मापांवरून.