एनॅलॅप्रिल

उच्च रक्तदाबावर पोटात घेण्यात येणारे एक औषध. अँजिओटेन्सीन-परिवर्तक एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाच्या) कार्यास रोध करणाऱ्या औषधांच्या गटात त्याचा समावेश होतो. कॅप्टोप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल ही याच गटातील इतर औषधे असून त्या सर्वांच्या नावांच्या अखेरीस ‘प्रिल’ हे पद असते. हृदयाचे कार्य अपुरे पडणे या विकारातही एनॅलॅप्रिल वापरतात. ते मॅलिएट लवणाच्या रूपात गोळ्यांतून देतात. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे.

इतिहास : या गटाचा उगम सर्पविषाच्या अभ्यासात आहे. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या दंशाने रक्तदाब एकदम उतरतो. या विषात ब्रॅडिकिनीन या वाहिनी-विस्फारक द्रव्याची क्रिया वाढविणारा घटक असल्याचे सेर्झिओ फेरैरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दाखविले. त्यावरून टेप्रोटाइड हे औषध मिळाले, पण ते केवळ अंतःक्षेपणानेच (इंजेक्शनानेच) देता येई. पुढे डेव्हिड कशमन व मिगेल ऑन्डेट्टी यांनी पोटात घेता येणारे कॅप्टोप्रिल तयार केले व १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यातील गंधकयुक्त गटामुळे अंगावर पुरळ उठणे, तोंडाची चव जाणे असे त्रास होतात, असे मानले गेले. तो गट वगळून एनॅलॅप्रिल बनविण्यात आले व १९८५ मध्ये ते अमेरिकेत मान्य झाले. स्वीडन, नॉर्वे व फिनलंड येथील तीव्र हृद्‌दौर्बल्याच्या २५३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत नकली गोळी दिलेल्यांपैकी ४४ टक्के, तर एनॅलॅप्रिल दिलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण दगावले.

क्रिया : वृक्कांतून (मूत्रपिंडांतून) रेनीन हे एंझाइम रक्तात येते. त्याच्या क्रियेने तयार झालेल्या पहिल्या अँजिओटेन्सिनाचे दुसऱ्या अँजिओटेन्सिनात रूपांतर मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत होते. हे दुसरे द्रव्य रोहिण्या आकुंचित करते. तसेच ते अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरोन स्रवविते. त्यामुळे शरीरात सोडियम व पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे जाते. एनॅलॅप्रिल हे रूपांतर रोखते. परिणामी रोहिण्या सैल पडतात व रक्तदाब उतरतो. मात्र पोटॅशियमचे उत्सर्जनही घटते. हेच एंझाइम ब्रॅडिकिनिनाचा नाश करीत असल्याने ते द्रव्य ऊतकांत साठू लागते. औषधाचे गुण आणि त्याचे बहुतेक धोके या एकाच क्रियेतून निघतात. म्हणूनच धोके कोणत्या परिस्थितीत उद्‌भवतील, हे आधी ओळखता येते.

मात्रा : एनॅलॅप्रिल स्वतः फारसे क्रियाशील नसते. यकृतात त्यापासून एनॅलॅप्रिलॅट हे क्रियाशील द्रव्य बनते. परिणाम सुमारे एका तासाने सुरू होतो, चार ते सहा तासांत कमाल होतो व साधारणपणे दिवसभर टिकतो. अन्नाचा शोषणावर परिणाम होत नाही. प्रौढांना रोज ५ मिग्रॅ. पासून आरंभ करून ती मात्रा गरजेप्रमाणे १० ते ४० मिग्रॅ. पर्यंत वाढवितात. वृक्कांचे कार्य बरेच मंदावलेले असल्यास किंवा रुग्ण मूत्रल (लघवी वाढविणारी) औषधे घेत असल्यास २.५ मिग्रॅ. पासून सुरुवात करतात. पहिल्या मात्रेनंतर चक्कर येण्याचा संभव असल्याने अंथरुणातून सावकाश उठावे. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. रक्तदाब सामान्य दिसू लागला तरी औषध स्वतःहून बंद करू नये. तो औषधामुळेच सामान्य राहिलेला असतो.

धोके व दक्षता : (१) गर्भारपण : या औषधाने गर्भाच्या वृक्कांना इजा होते, गर्भजल घटते, कवटीची वाढ खुंटते आणि मृत्यूही ओढवू शकतो. हा धोका विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे असतो. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. दिवस गेल्याचे कळताच त्यांना भेटून औषध बदलून घ्यावे. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधेही अशा वेळी तितकीच निषिद्ध आहेत. त्यांऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपीन किंवा मिथिलडोपा देतात.

(२) सूज : ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा एकाएकी सुजणे हा विरळा पण प्राणघातक प्रकार आहे. औषध कित्येक वर्षे सोसल्यानंतरही तो उद्‌भवू शकतो. श्वास कोंडण्याची भीती असल्याने रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा व्यक्तीने पुन्हा कोणतेही ‘प्रिल’ औषध घेऊ नये. सॅक्युबिट्रिल या औषधाबरोबर ही सूज येण्याचा संभव वाढत असल्याने दोहोंत किमान ३६ तासांचे अंतर ठेवतात.

(३) खोकला : काही रुग्णांना, त्यांतही स्त्रियांना अधिक, कोरडा ढासणारा खोकला सुरू होतो. त्यावर खोकल्याची औषधे व्यर्थ जातात. शिवाय सर्दी-खोकल्याच्या काही मिश्रणांनी रक्तदाब वाढतो. एनॅलॅप्रिल थांबविल्यावर खोकला बहुधा काही आठवड्यांत जातो.

(४) पोटॅशियम : रक्तातील पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पुष्कळदा पोटॅशियम क्लोराइड असते. हितकर समजून ते वापरणाऱ्यास अपाय होऊ शकतो. स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियमयुक्त पातळ औषधे आणि वृक्कविकार असल्यास शहाळ्याचे भरपूर पाणी यांबाबतही डॉक्टरांना विचारावे.

(५) वृक्क : मधुमेही व्यक्तीच्या लघवीतून प्रथिन जात असल्यास हा औषधगट वृक्कांचे रक्षण करतो. परंतु शरीरातील पाणी घटले असता वृक्कांतील गाळणदाब टिकविण्याचे काम दुसरे अँजिओटेन्सीनच करते व त्याला औषधाने अटकाव झालेला असतो. म्हणून जुलाब, ओकाऱ्या, तीव्र ताप किंवा निर्जळी उपवास अशा वेळी वृक्के अकस्मात निकामी होऊ शकतात. अशा प्रसंगी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध तात्पुरते थांबवावे लागते. सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक वा आयब्युप्रोफेन आणि जोडीला मूत्रल औषध चालू असल्यास धोका अधिकच वाढतो. दोन्ही वृक्क-रोहिण्या अरुंद झालेल्या व्यक्तीस एनॅलॅप्रिल देत नाहीत.

या कारणांमुळे औषध सुरू करण्यापूर्वी आणि त्यानंतर एक ते दोन आठवड्यांनी रक्तातील क्रिएटिनीन व पोटॅशियम यांची तपासणी करतात; मात्रा वाढविल्यावर ती पुन्हा करतात व पुढेही ठराविक काळाने चालू ठेवतात. क्रिएटिनिनातील अल्प वाढ अपेक्षित असते, परंतु ती मूळ पातळीच्या ३० टक्क्यांहून अधिक झाल्यास उपचाराचा फेरविचार करतात. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी औषध घेताना, दुखण्यावरील साधी गोळीसुद्धा विकत घेताना, आपण एनॅलॅप्रिल घेत असल्याचे रुग्णाने डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला सांगणे आवश्यक असते.