आपटून पाहणारे शास्त्रज्ञ

आषाढात बेंदूर हा बैलांचा सण आला की सातारा-सांगलीच्या बाजारात मातीचे बैल मांडलेले दिसतात. मोठी माणसं त्यांची पूजा करतात. दीड वर्षाचं पोर मात्र आधी शिंग तोंडात घालतं, मग बैल फरशीवर आपटतं. बैल फुटतो. मग ते वाटी टाकतं. ती खणखणते, पण फुटत नाही. म्हणून वाटी पुन्हा टाकायची, या वेळी जरा उंचावरून! स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करून हेच टिपलं : साधारण १२ ते १८ महिन्यांचं मूल कृतीत मुद्दाम थोडा बदल करतं आणि काय होतं ते पाहतं. आपण त्याला उगाच मस्ती म्हणतो. ‘असं नाही, असं खेळ’ म्हणत त्याचा हात धरू नका. रंगवलेला बैल तेवढा उंच फळीवर ठेवा.