‘शोड’, ‘हॅज शोन’ की ‘हॅज बीन शोइंग’? परभणी क्रांतीचं एक वाक्य

माझ्या प्रबंधातल्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, पहिल्या मसुद्यात, एक वाक्य होतं : ‘परभणी क्रांती हॅज शोन रेझिस्टन्स टू यलो व्हेन मोझॅक.’ मार्गदर्शकांनी ‘हॅज शोन’खाली लाल रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘अजून?’ मला वाटलं, स्पेलिंग चुकलं. पण स्पेलिंग बरोबर होतं, व्याकरणही बरोबर होतं. चुकला होता तो दावा.

घरी भेंडी लावत असाल तर हा वाण तुम्हाला ठाऊक असेल. परभणीच्या, तेव्हाच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात, ‘पुसा सावनी’ आणि भेंडीची रानटी नातलग ‘एबलमोस्कस मॅनिहॉट’ यांच्या संकरातून तो निघाला. जांभळे आणि नेरकर यांनी १९८६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पांढरी माशी पसरवते त्या हळद्या रोगाला, म्हणजे यलो व्हेन मोझॅकला, तो दाद देत नव्हता. म्हणून तर त्याचं नाव झालं. पुढे मात्र अनेक ठिकाणी त्याच्यावरही हळद्या आल्याच्या नोंदी झाल्या.

आता ते वाक्य परत वाचा. ‘शोड’ लिहिलं तर अर्थ एवढाच, की तेव्हाच्या चाचणीत प्रतिकार दिसला. आजचं मी काही बोलत नाही. ‘हॅज शोन’ लिहिलं की तेव्हाची गोष्ट आजच्या खात्यावर जमा होते. आणि ‘हॅज बीन शोइंग’ म्हणजे तेव्हापासून सारखा दाखवत आलाय, अजून चालूच आहे. एकाच वाणाबद्दल हे तीन वेगळे दावे झाले. परीक्षक तुम्हाला पुरावा मागेल तो यातल्या नेमक्या एकाचा.

आपण इथे अडखळतो कारण आपल्या मराठीत हे कप्पे वेगळ्या जागी आहेत. ‘मी काल अर्ज दिला आहे’ हे मराठीत सहज चालतं. ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं की ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे’ होतं, आणि ते चूक. काल, गेल्या खरिपात, २०१९ मध्ये, असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ काढा, साधा भूतकाळ लिहा. म्हणून साहित्य व पद्धती या प्रकरणात ‘द सीड्स वेअर सोन इन जुलै’ असंच हवं. ‘हॅव बीन सोन इन जुलै’ नको, मराठीत ‘जुलैमध्ये पेरले आहे’ कितीही गोड वाटलं तरी.

उलटा खड्डा ‘पासून’चा. ‘दोन वर्षांपासून मी भेंडीवर काम करतेय.’ मराठीत वर्तमानकाळ, म्हणून आपण मुलाखतीत ठोकून देतो, ‘आय अ‍ॅम वर्किंग ऑन ओक्रा फ्रॉम टू इयर्स.’ (मीही दिलंय, लपवत नाही.) इथे इंग्रजीला ‘आय हॅव बीन वर्किंग ऑन ओक्रा फॉर टू इयर्स’ लागतं.

मग ‘हॅव डन’ आणि ‘हॅव बीन डुइंग’ यातलं कुठलं? मी स्वतःला विचारते, मला मोजून सांगायचंय की किती काळ चाललंय ते सांगायचंय? चाळीस वाणांची चाचणी झाली, आकडा हातात आहे, तर ‘आय हॅव स्क्रीन्ड फोर्टी लाइन्स’. दोन हंगाम काम सुरू आहे, तर ‘आय हॅव बीन स्क्रीनिंग देम फॉर टू सीझन्स’. ‘नो’, ‘बिलीव्ह’ अशी स्थिती सांगणारी क्रियापदं दुसऱ्या साच्यात सहसा बसत नाहीत. ‘हॅव बीन नोइंग’ लिहू नका.

‘बीन’ दिसलं की घाईत ‘-इंग’ लावायची सवय मात्र खरंच महागात पडते. ‘फोर्टी लाइन्स हॅव बीन स्क्रीन्ड’ म्हणजे वाणांची चाचणी झाली. ‘फोर्टी लाइन्स हॅव बीन स्क्रीनिंग’ म्हणजे भेंडीच कुणाची तरी चाचणी घेतेय!

आढाव्यात एक सोय आहे. एका अभ्यासाचं नेमकं निरीक्षण सांगताना ‘जांभळे अँड नेरकर रिपोर्टेड’ लिहा. बऱ्याच जणांचं मिळून आजवरचं सांगायचं असेल तर ‘सेव्हरल वर्कर्स हॅव रिपोर्टेड’. पहिलं वाक्य एका शोधनिबंधाकडे बोट दाखवतं, दुसरं त्या विषयाच्या आजच्या स्थितीकडे. काही नियतकालिकांची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा पाठवण्याआधी त्यांचे दोन-तीन अंक चाळा.

माझं वाक्य शेवटी दोन तुकड्यांत गेलं : ‘परभणी क्रांती वॉज रेझिस्टंट व्हेन इट वॉज रिलीज्ड. इट हॅज सिन्स बिकम ससेप्टिबल इन मेनी एरियाज.’ दुसऱ्या वाक्याला आधार म्हणून मला पुढच्या वर्षांतले निबंध शोधावे लागले. त्यात एक आठवडा गेला, आणि माझ्या प्रबंधाचा प्रश्नही तिथेच सापडला : हा प्रतिकार कुठे टिकला आणि कुठे नाही.