उमेदवारीचे दिवस

पालघरच्या बाजारात माझ्या अब्बांचे शिवणकामाचे छोटे दुकान होते. दोन मशिनी, एक लाकडी टेबल, खुंटीला टांगलेली टेप आणि कोपऱ्यात कायम कोणी ना कोणी शिकायला आलेला मुलगा. या मुलाला पहिले काही महिने मशीनवर बसायला मिळत नसे. आधी काज-बटण, मग तुरपाई, मग जुने कपडे उसवणे. उसवताना शिवण कशी घातली आहे ते कळते, असे अब्बा म्हणत. कात्री सर्वांत शेवटी हातात यायची. चुकलेली शिवण उसवता येते, चुकीचा कापलेला कपडा पुन्हा अखंड होत नाही. आणि कपडा गिऱ्हाइकाचा असतो.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे गेल्या वर्षी माझ्याकडे आलेली दोन मुले. दोघेही पदवीच्या वर्गात शिकणारी. मुलगी रसायनशास्त्राची, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत इंटर्नशिपला जात होती. तिची तक्रार होती, ‘‘काका, तिथे काही करूच देत नाहीत. नुसते उभे राहून बघायचे, नाहीतर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.’’ मुलाची अडचण वेगळी होती. तो म्हणाला, ‘‘काका, तुमची ओळख आहे ना बोईसरला? रोज जावे न लागता सर्टिफिकेट मिळेल अशी एखादी कंपनी बघा ना.’’

दोघांनाही लगेच उत्तर देता आले नाही. पण त्यांचे प्रश्न आज घरोघरचे आहेत, म्हणून त्यावर थोडे बोलावे असे वाटते.

इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. मराठीत तिला फार सुंदर शब्द आहे, उमेदवारी. आता तो निवडणुकीने पळवला. पण आपल्या आजोबांच्या काळी ‘वकिलाकडे उमेदवारी करतो’, ‘कचेरीत उमेदवारी करतो’ असे सर्रास म्हणत. फारसीतला उमेद म्हणजे आशा. काम मिळेल, कसब येईल या आशेवर जो राबतो तो उमेदवार. सरकारी मराठीने हा अर्थ अजून जपला आहे. कारखान्यातल्या अॅप्रेंटिसला कागदोपत्री ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात.

अॅप्रेंटिस आणि इंटर्न यांत मात्र फरक आहे आणि तो मुलांनी व पालकांनी समजून घ्यायला हवा. अॅप्रेंटिससाठी १९६१ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. आयटीआयमधून फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर किंवा केमिकल प्लँट ऑपरेटर होऊन निघालेली मुले याच कायद्याखाली कारखान्यात येतात. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. म्हणजे माझ्यासारखा बी. ए. झालेला मुलगाही आज रीतसर शिकाऊ उमेदवार होऊ शकतो. या उमेदवारीचा लेखी करार होतो, विद्यावेतन मिळते, कामाचे तास ठरलेले असतात आणि कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद असते. मात्र मुदत संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असे बंधन, करारात तसे लिहिले नसेल तर, मालकावर नसते.

इंटर्नशिप ही बहुतेक वेळा अभ्यासक्रमाचा भाग असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कामावरील प्रशिक्षणाला चार श्रेयांक ठेवले आहेत, म्हणजे साधारण १२० तास. याशिवाय २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिचे विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे सहा ते दहा हजार रुपये ठरवण्यात आले. त्याच वर्षी केंद्राची इंटर्नशिप योजनाही आली. तेव्हा संधी वाढल्या आहेत. प्रश्न आहे तो या दिवसांत नेमके शिकायचे काय, हा.

‘शिस्त, वेळ पाळणे, सांघिक भावना’ हे शब्द माहितीपत्रकात छापलेले असतात. ते खोटे नाहीत, पण त्यांनी हाताला काही लागत नाही. मला जे उमगले ते एका चुकीतून उमगले, ती चूक सांगतो.

पालघरच्या कॉलेजातून बी. ए. होऊन मी बाहेर पडलो तेव्हा विरार-डहाणू लोकल नव्हती. ती २०१३ मध्ये सुरू झाली. मोजक्या गाड्या असत. सकाळची चुकली की पाळी चुकली. पालघर, उमरोळी, बोईसर आणि पुढे रिक्षात कोंबून एमआयडीसी. तिथल्या एका रसायन कारखान्याच्या स्टोअरमध्ये मला सहा महिने शिकाऊ म्हणून घेतले होते. कविता करणारा मुलगा ड्रम मोजायला लागला. माझे काम एवढेच की सकाळी गोदामात जाऊन कोणत्या मालाचे किती ड्रम आहेत ते वहीत लिहायचे. पहिले पंधरा दिवस मी एकेक ड्रम मोजला. मग माझ्या लक्षात आले की पुढची रांग मोजून मागच्या रांगांनी गुणले की काम लवकर होते. एका सकाळी तसाच ४८ आकडा लिहिला आणि चहाला गेलो.

प्रत्यक्षात ड्रम ४६ होते. मागच्या रांगेतले दोन रात्रपाळीत प्लँटवर गेले होते, त्याची चिठ्ठी यायची राहिली होती. माझ्या आकड्यावर विसंबून प्लँटने बॅच लावली आणि शेवटी माल कमी पडला. शेजारच्या कारखान्यातून उसना माल येईपर्यंत चार तास सगळे ताटकळले. आमचे स्टोअरकीपर काका मला ओरडले नाहीत. गोदामात घेऊन गेले आणि प्रत्येक ड्रमला हाताचा तळवा लावून मोजायला लावले. मग वही उघडली. मी खोडरबर शोधू लागलो तर म्हणाले, ‘‘पुसू नकोस. आकड्यावर एक रेघ मार, बाजूला खरा आकडा लिही, सही कर, तारीख टाक. चूक दिसू दे.’’

पुढे कळले की ही काही काकांची लहर नव्हती. औषधाच्या कारखान्यांत हा जगभरचा नियमच आहे. नोंद खोडायची नाही, गिरवायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एका रेघेखाली जुना आकडा वाचता आला पाहिजे आणि तो कोणी, केव्हा बदलला ते कळले पाहिजे. औषध घेणारा रोगी कारखान्यात येऊन बघू शकत नाही. त्याच्या वतीने ती नोंदच साक्ष देते.

आता त्या रसायनशास्त्राच्या मुलीकडे वळू. विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला टायट्रेशन आठवत असेल. तीन वेळा ब्युरेटचे वाचन घ्यायचे, ते जुळायला हवे. दोन जुळतात, तिसरे जुळत नाही, तास संपत आलेला असतो. मग काय करतात? जुळवून लिहितात! कॉलेजात याने फारसे बिघडत नाही, कारण उत्तर सरांना आधीच ठाऊक असते. कारखान्यात उत्तर कोणालाच ठाऊक नसते. ते शोधण्यासाठीच तर मोजायचे असते. कॉलेज आणि कारखाना यांतला खरा फरक मला हा वाटतो. मशिनी मोठ्या असतात, भोंगे वाजतात, हेल्मेट घालावे लागते, हा वरवरचा फरक झाला.

एका रिअॅक्टरचे उदाहरण घ्या. काही रासायनिक क्रिया होताना आपोआप उष्णता निघते. आत माल थोडाथोडा सोडायचा, बाहेरून थंड पाणी फिरवायचे आणि ठरावीक वेळाने तापमान नोंदवायचे. तापमान चढू लागले तर माल सोडणे थांबवायचे. समजा, एखाद्याने कंटाळून मागचाच आकडा पुन्हा लिहिला. कागदावर सगळे स्थिर दिसते. पाळी बदलते. नवा माणूस कागद बघून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात आत तापमान चढत असते. म्हणून पाळीवरचा माणूस कामाचा चार्ज तोंडी देतो आणि लेखीही देतो. वेल्डिंगची ठिणगी पाडण्याआधी परवान्याचा कागद भरून घेतात, त्याचेही कारण हेच. जागा प्रत्यक्ष तपासली आहे, असे कोणीतरी सही करून सांगायचे असते.

बोईसरच्या लोकांना हे वेगळे समजवायला नको. जानेवारी २०२० मध्ये कोळवडे येथे झालेल्या स्फोटाचा हादरा लांबपर्यंत जाणवला होता, माणसे दगावली होती. प्रत्येक अपघातामागे वेगवेगळी कारणे असतात, ती तपासणारे तपासतात. पण रसायनांच्या गावात राहणाऱ्यांना एवढे नक्की कळते की इथे कोणाची तरी नोंद खरी असणे हा शेजाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

तेव्हा त्या मुलीला मी सांगितले, बघायला सांगतात तर बघ. पण बघितलेले लिही. एक वही कर. आज काय पाहिले, काय कळले नाही आणि ते कोणाला विचारले, असे तीन रकाने पाड. साहेबांना विचारायला संकोच वाटला तर वीस वर्षे तिथे काढलेल्या ऑपरेटरला विचार. पंपाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी माणसे तिथे असतात. त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाहीत. सांगितल्याशिवाय कोणत्याही व्हॉल्व्हला हात लावू नकोस. पाळी सुरू व्हायच्या दहा मिनिटे आधी पोहोच, कारण चार्ज देतानाच्या त्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त शिकायला मिळते. आणि बाटलीवरची चिठ्ठी हलकी समजू नकोस. चुकीची चिठ्ठी म्हणजे चुकीचे रसायन.

कामाच्या जागी जाऊन शिकण्याची परंपरा आपल्या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम पुढे कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. चिंचणी-वरोरच्या बाजूला दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीरही असेच उस्तादाशेजारी बसून तयार होत आले आहेत. तिथेही कात्रीचाच नियम. पोलादावर चुकीचा घाव बसला की तो भरून निघत नाही.

पण सगळे ओझे मुलांच्याच डोक्यावर देणे न्यायाचे नाही. कंपनीने मुलाला घेतले तर पहिल्या दिवशी सुरक्षिततेची माहिती द्यावी, एक माणूस शिकवायला नेमावा, निदान एक काम असे द्यावे की ते शेवटपर्यंत त्याने करावे आणि त्याची जबाबदारी घ्यावी. कमी पैशांत मिळालेला कामगार म्हणून त्याला धोक्याच्या जागी जुंपणे हा गुन्हाच समजावा. कॉलेजनेही नुसत्या शिक्क्यावर गुण देऊ नयेत. मुलाची वही उघडून दहा मिनिटे प्रश्न विचारले तरी खरे-खोटे कळते.

आमच्या भागात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले. त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीसाठीही इथल्याच जमिनी गेल्या. कारखान्याच्या भिंतीबाहेर वाढलेल्या, धूर आणि वास सोसलेल्या पुष्कळ मुलांना भिंतीच्या आत काय चालते हे माहीत नसते. कोळ्याच्या, वारल्याच्या, वाडवळाच्या मुलाला त्या फाटकातून आत नेणारे पहिले ओळखपत्र बहुधा या उमेदवारीचे असते. ते नुसत्या शिक्क्यात संपले तर ‘स्थानिकांना काम येत नाही’ म्हणणाऱ्यांचे आयतेच फावते.

राहता राहिला सर्टिफिकेट मागणारा मुलगा. त्याला मी ४८ ड्रमची गोष्ट सांगितली आणि म्हटले, ‘‘बाळा, न जाता घेतलेले सर्टिफिकेट म्हणजे न मोजता लिहिलेला आकडाच. तुझ्यावर विसंबून उद्या कोणीतरी बॅच लावणार आहे.’’ तो काही बोलला नाही. मला वाटले, दुसरीकडे ओळख शोधेल.

दोन महिन्यांनी पालघर स्टेशनच्या पुलावर भेटला. पाठीला सॅक, पायांत सेफ्टी शूज, सातची पाळी करून आलेला. घामेजलेल्या सॅकमधून त्याने वही काढून दाखवली. अक्षर वाईट होते. एका पानावर एक आकडा एका रेघेने कापला होता, बाजूला दुसरा आकडा, सही आणि तारीख. ‘‘चुकलो होतो काका,’’ तो म्हणाला, ‘‘पण त्याच पाळीत सांगितले.’’

मी त्याला स्टेशनबाहेरच्या टपरीवर नेले आणि आम्ही चहा घेतला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)