चेतासंदेशवाहकांचा साठा वापराने संपतो का?

गैरसमज : चेतापेशीच्या टोकाशी संदेशवाहक रसायनाचा मोजका साठा असतो. वारंवार चेतना मिळाली की तो संपतो आणि पेशीच्या मुख्य भागातून नवा येईपर्यंत संदेश थांबतात.

वस्तुस्थिती : अंतराचा आणि वेळेचा हिशेब मांडला की ही समजूत टिकत नाही. अक्षतंतूतली सर्वांत जलद वाहतूकही दिवसाला सुमारे 400 मिलिमीटरच होते. कण्यापासून पावलापर्यंतचे अंतर जवळपास एक मीटर, म्हणजे तेवढ्यासाठी दोन-तीन दिवस लागतील. उलट मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या एका चेताटोकाशी रसायनाने भरलेल्या साधारण 200 पुटिका (सूक्ष्म पिशव्या) असतात आणि तत्काळ रिकाम्या होऊ शकतील अशा त्यांतल्या जेमतेम पाच-दहा. तरीही संदेश चालू राहतात, कारण रिकाम्या झालेल्या पुटिकांचे आवरण तिथेच परत घेतले जाते आणि नव्या पुटिका तिथेच भरल्या जातात. 1973 मध्ये ह्यूझर आणि रीझ यांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर हे दाखवले. चेतना देताना पेशीबाहेर ठेवलेले खूणद्रव्य नंतर नव्या पुटिकांच्या आत सापडले. आवरण नेमके कोणत्या मार्गाने परत येते यावर तेव्हापासून वाद आहे. ते परत येते, यावर नाही. सर्वांत बोलका पुरावा ‘शिबिरे’ या उत्परिवर्तित फळमाशीचा आहे. तापमान सुमारे 30 अंश सेल्सिअसवर गेले की तिचे डायनॅमिन हे प्रथिन निकामी होते, आवरण तोडून आत घेता येत नाही, पुटिका संपतात आणि माशी लुळी पडते. तापमान उतरले की ती पुन्हा हालचाल करू लागते.

मग वेगाने चेतना दिल्यावर प्रतिसाद का घटतो, असा आक्षेप येईल. घट खरी आहे. पण अनेक जोडांवर ती मुख्यतः सज्ज पुटिकांची असते, एकूण रसायनाची नव्हे. म्हणूनच थोड्या विश्रांतीने ती बरीच भरून निघते. अर्थात साठा अक्षय आहे, असेही नाही. ॲसिटिलकोलीन हा संदेशवाहक विघटित झाल्यावर उरलेले कोलीन टोकाला परत घ्यावे लागते. हेमिकोलिनियम या द्रव्याने ती वाट अडवली, तर चेतना चालू असताना प्रत्येक पुटिकेतले रसायन कमी होत जाते. पुटिका भरायला ऊर्जा लागते आणि झिजलेल्या प्रथिनांच्या जागी नवी प्रथिने अखेर बहुतांशी पेशीच्या मुख्य भागाकडून येतात. तेव्हा संदेश किती काळ टिकेल, हे केवळ साठ्याच्या आकारावर नव्हे, तर पुनर्वापराच्या वेगावर ठरते. ‘विचार करून मेंदूतले रसायन संपले’ हे थकव्याचे स्पष्टीकरण या यंत्रणेकडे दुर्लक्ष करते, आणि म्हणून ते स्वीकारता येत नाही.