नाव बदललं, खांब तेच!

कंपनी विकली जाते, तुटते, दुसरीत मिसळते... आणि तिथे काम करणाऱ्यांचं काय होतं? मर्जरच्या टेन्शनवरचा एक वऱ्हाडी उतारा.

सोमवारी सकाळी मेल येतो. सब्जेक्ट लाइन, 'एक्सायटिंग टाइम्स अहेड'. बस्स, तिथेच पोटात गोळा येतो. मर्जर म्हणा, टेकओव्हर म्हणा, रीस्ट्रक्चरिंग म्हणा... कॅन्टीनमधला प्रश्न एकच, 'आपलं काय?'

मी ज्या ऑफिसात होते तिथे असा मेल आला, तेव्हा पुढचे तीन महिने आम्ही काम कमी आणि अंदाजच जास्त केले. गळ्यातल्या आय-कार्डची पट्टी निळ्याची नारिंगी झाली, तिघांच्या टीमला दोन बॉस झाले आणि सुट्टीचा अर्ज नक्की कुणाला पाठवायचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. या सगळ्याला वैतागून मी चार दिवस मामांकडे गेले. बार्शीटाकळीला, म्हणजे अकोल्याहून एसटीनं जवळच. मामा रिटायर्ड लाइनमन. माझं रडगाणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच? आमचं तं अख्खं मंडळच फाडलं होतं सरकारनं."

मंडळ म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, १९६० साली स्थापन झालेलं. ६ जून २००५ रोजी त्याच्या चार कंपन्या झाल्या. (तोही सोमवारच होता, मी कॅलेंडर तपासलं!) वीज तयार करणार महानिर्मिती, मोठ्या टॉवरवरून वाहून नेणार महापारेषण, घरोघरी पोचवणार महावितरण आणि या तिघींच्या वर होल्डिंग कंपनी. अकोला जिल्ह्यापुरतं बोलायचं तर पारसचं वीज केंद्र एका कंपनीत गेलं, मोठ्या दाबाच्या लाइनी दुसऱ्या आणि टाकळीच्या गल्लीतला मीटर तिसऱ्या. एकाच मंडळात चिकटलेले दोस्त सकाळी उठले ते वेगवेगळ्या कंपन्यांचे होऊन.

"मग तुम्हाला कसं कळलं, मामा?"

"साहेबानं सांगतलं, आजपासून मंडळ म्हनाचं नाही, कंपनी म्हनाचं. म्या म्हनलं, बरं! अन् निघालो डीपीवर फ्यूज टाकाले."

ऐकायला मस्त वाटतं, पण घरात एवढं सोपं नव्हतं. संघटनांचा विभाजनाला विरोध होता, त्यामुळे कानावर नाना गोष्टी यायच्या. आज कंपनी, उद्या प्रायव्हेट, परवा घरी! मामीच्या माहेरी तर बातमीच पसरली की जावईबापूंची सरकारी नोकरी गेली. ताईसाठी स्थळं बघायचं चाललं होतं. 'मुलीचे वडील बोर्डात' आणि 'मुलीचे वडील कंपनीत' या दोन वाक्यांत तेव्हा वऱ्हाडात किती फरक पडायचा, हे मामी अजून हातवारे करून सांगते.

त्यात ते दिवस भारनियमनाचे. तासन् तास लाइट नाही, कपाशीला पाणी देता येईना. मामा म्हणतात, "लोकाईले काय, चार कंपन्या झाल्या का चाळीस? लाइट गेली का त्याईले मीच दिसे." वरच्या साहेबांचं लेटरहेड बदललं, पण शिव्या खाणारा खांबावरचा माणूस तोच राहिला. आपल्याकडे नाही का, नव्या ब्रँडनेमच्या पार्टीत केक कापतो एक आणि सोमवारी क्लायंटचा फोन उचलतो दुसराच!

मामांना झोप कशामुळे लागली माहितीय? एका कलमामुळे. वीज कायदा २००३, कलम १३३. मंडळातून कंपनीत जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती, बदल झालाच नसता तर ज्या मिळाल्या असत्या, त्यांच्यापेक्षा कोणत्याही प्रकारे कमी असता कामा नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. संघटनेच्या कुणीतरी हे मराठीत समजावून सांगितलं होतं. मामांचं शिक्षण दहावी, पण कलमाचा आकडा त्यांना आजही तोंडपाठ आहे.

आता गंमत बघा. माझा मामेभाऊ याच धंद्यात आहे, विद्युत सहाय्यक. म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन आणि त्यानंतर नियमित नोकरी. खांब तोच, झुला तोच, पावसात चढायची भीतीही तीच. पण कलम १३३ त्याच्यासाठी नाही, कारण तो मंडळातून आलाच नाही, थेट कंपनीत लागला. बाप 'मंडळ' म्हणतो, पोरगा 'महावितरण' म्हणतो आणि गल्लीतले लोक अजून 'एमएसईबीवाले'! मला वाटतं बदलाची खरी रेघ इथे पडते. जुना मालक की नवा, यापेक्षा तुम्ही कुठल्या तारखेला चिकटलात, याला जास्त किंमत येते.

तरी जानेवारी २०२३ मध्ये खासगी कंपनीला समांतर परवाना देण्याच्या विरोधात संप झाला, तेव्हा तिन्ही कंपन्यांचे कर्मचारी एकत्र उतरले. बहात्तर तासांचा संप, सरकारशी बोलणी होऊन ४ तारखेलाच मागे घेतला गेला. मामा तेव्हा रिटायर झालेले, पण दिवसभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. "पारसवालेही होते ना आमच्यासंगं," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

निघताना त्यांनी विचारलं, "पोरी, तुह्या कागदावर काय लिवलं होतं?"

"कुठल्या कागदावर?"

"कंपनी बदलली तवा देला असंल ना काही तरी."

दिला होता. मी सही करून स्कॅनही पाठवला होता. वाचला मात्र नव्हता. पुण्याला परतल्यावर फाइल शोधली. दीड पान, त्यातलं एक पान नव्या कंपनीच्या व्हिजनबद्दल. माझी आधीची चार वर्षं धरली जाणार की नाही, यावर त्यात एक ओळही नव्हती.